डोंगरासाठी घेतलेला ट्रायपॉड

हातिमभाईंनी त्यांच्या कॅमेऱ्याच्या दुकानात काउंटरवर ओळीनं ट्रायपॉड उभे केले आणि विचारलं, "कशाचे फोटो काढायचेत ताई? ते सांगा, म्हणजे यातला कुठला द्यायचा ते बघू."

"डोंगराचे," मी म्हणाले.

ते हसले. "मग कुठलाही न्या. डोंगर काय हलणार आहे?"

"तो हलतो की नाही, तेच बघायचंय."

त्यांचं हसू थांबलं. त्यांनी चहा सांगितला आणि मला बसायला स्टूल पुढे केलं.

त्या वेळी मी आणि माझे मिस्टर पोलादपूरला फोटो स्टुडिओ चालवत होतो. पासपोर्ट फोटो, बारशी, लग्नाची शूटिंग, असलं काम. माझं माहेर तिथून वर, डोंगराच्या पोटाशी. उंबरकोंड म्हणून छोटी वाडी. वडील गेल्यावर आई तिथे एकटीच राहायची, एक म्हैस आणि थोड्या कोंबड्या घेऊन. आदल्या पावसाळ्यात वाडीच्या वरच्या उतारावर जमिनीला भेग पडली. माणूस सहज ओलांडेल एवढीच, पण उताराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी गेलेली. भूगर्भशास्त्र खात्याचे एक अधिकारी येऊन पाहून गेले. भेग रुंद होतेय का याच्यावर लक्ष ठेवा, आणि व्हायला लागली तर कशाची वाट न बघता खाली या, असं त्यांनी गावकीला सांगितलं होतं.

पण लक्ष ठेवायचं म्हणजे काय करायचं? वाडीनं भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या. त्या गुरांनी उपटल्या. कुणी म्हणे भेग वाढली, कुणी म्हणे तेवढीच आहे. स्थलांतराच्या नोटिसा तर आमच्या भागातल्या बऱ्याच वाड्यांना दर पावसाळ्यात यायच्या. त्यामुळे त्या वाचून कुणी भांडी बांधायला घेत नव्हतं.

मग मला वाटलं, समोरच्या डोंगरदांडावर उभं राहून एकाच जागेवरून दर आठवड्याला फोटो काढला तर? घरात कॅमेरा होताच. महाडहून स्वस्तातला एक हलका ट्रायपॉड आणला आणि उन्हाळ्याच्या अखेरीला दोन आठवडे फोटो काढले. ते फोटो गावकीच्या बैठकीत दाखवले तेव्हा माझा चुलतभाऊ अनंत, जो सहा सीटर चालवायचा, त्यानं दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले आणि म्हणाला, "ताई, यात भेगपण सरकलीय, देऊळपण सरकलंय आणि ती काळी शिळापण सरकलीय. सगळा डोंगरच चालत निघालाय म्हणायचा."

सगळे हसले. त्याचं काही खोटं नव्हतं. वाऱ्यानं ट्रायपॉड हलला होता आणि एक पाय हळूहळू आत सरकला होता. आई त्या बैठकीत मागे बायकांत बसली होती. घरी येताना ती एवढंच म्हणाली, "कशाला गो ह्या भानगडीत पडतेस?"

हे सगळं मी हातिमभाईंना सांगितलं. तो जुना ट्रायपॉड मी बरोबर नेलाच होता. त्यांनी त्याचे पाय पूर्ण उघडले, वर हात ठेवून बोटानं हलकेच ढकललं. तो झाडाच्या फांदीसारखा डुलला.

"हा वाईट नाही," ते म्हणाले. "हॉलच्या फरशीवर बारशाचे फोटो काढायला चालेल. पण बघा, पाय घट्ट करायचे चाप प्लॅस्टिकचे आहेत. थोडे दिवस वापरले की धरत नाहीत."

माझ्या मिस्टरांनी निघताना सांगितलं होतं, की पैसे घालवायचेच आहेत तर मोनोपॉड आण, लग्नाच्या गर्दीत आपल्याला उपयोगी पडेल आणि डोंगर चढताना काठी म्हणूनही होईल. मी तेही विचारलं. हातिमभाईंनी मोनोपॉड काढून माझ्या हातात दिला. हलका, सुटसुटीत, किमतीलाही बरा.

"गर्दीत याच्यासारखं काही नाही," ते म्हणाले. "पण एक पाय याचा, दोन पाय तुमचे. तुम्ही श्वास घेतला तरी फोटो हलणार. तुमच्या या कामात माणूस मधे नकोच."

मग त्यांनी चांगले ट्रायपॉड दाखवले. काळे, चकचकीत, हलके आणि तरी मजबूत. किंमत ऐकून मी ते परत काउंटरवर ठेवले. हातिमभाई आत गेले आणि एक जुनं, जाडजूड धूड उचलून घेऊन आले. कुठल्यातरी बंद पडलेल्या व्हिडिओवाल्यानं विकलेला ट्रायपॉड होता. रंग उडालेला, आणि कॅमेरा फिरवायची दांडी मुळातून तुटलेली.

"ही दांडी तुटलीय म्हणून हा कुणी घेत नाही," ते म्हणाले. "शूटिंगवाल्याला कॅमेरा फिरवता आला पाहिजे ना. तुम्हाला फिरवायचाय का?"

"मुळीच नाही."

"मग तुमच्यासाठी यात काही बिघडलेलं नाही. स्वस्तात घ्यायचं तर असं घ्यायचं. डोकं नंतर बघायचं, आधी पाय बघायचे."

त्यांनी माझ्याकडून तो उभा करून घेतला. खालचे बारीक पाय बंदच ठेवायचे, वरचे जाड तेवढे उघडायचे, मधली दांडी कधी वर काढायची नाही. मधल्या आकड्याला दगडांची पिशवी टांगायची. बटण हातानं दाबायचं नाही, टायमर लावून बाजूला व्हायचं. मी पुन्हा पुन्हा करून दाखवेपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही. माझ्याकडे होते त्या पैशात तो बसला. निघताना त्यांनी एक जाड प्लॅस्टिकची पिशवी दिली, कॅमेऱ्यावर घालायला, आणि विचारलं, "घरचं कोण राहतं तिथे?"

"आई," मी म्हणाले.

"मग तुमची दुसरी गिऱ्हाइकं बाजूला ठेवा आणि हेच काम करा," ते म्हणाले.

तो ट्रायपॉड खांद्यावर घेऊन मी वाडीत शिरले तेव्हा आईनं त्याला तिवई म्हणायला सुरुवात केली. अनंत गाडी धूत होता. त्यानं ते धूड हातात घेऊन बघितलं, उचलून वजन घेतलं, आणि कुणी न सांगता माझ्याबरोबर समोरच्या दांडावर आला. वाडी आणि तो दांड यांच्यामधे खोल ओहोळ. दांडावर एक सपाट कातळ होता. अनंतनं छिन्नीनं त्यात तीन खळगे पाडले. ट्रायपॉडचे पाय त्यात बसवले की कुठल्याही दिवशी तो त्याच जागी उभा राहणार. लेन्स फिरू नये म्हणून मी तिच्यावर चिकटपट्टी लावली. फोटोत एका बाजूला देवळाचा कळस, दुसऱ्या बाजूला काळी शिळा, आणि मधे भेगेची तपकिरी रेघ, तिच्याखाली ऐनाची झाडं. त्यांच्याखाली वाडीची कौलं.

पाऊस लागला तशी मी दर रविवारी सकाळी वर जायला लागले. कधी धुकं असायचं. मग छत्री घेऊन कातळावर बसून राहायचं, आणि धुकं फाटलं की टायमर लावायचा. संध्याकाळी स्टुडिओत कॉम्प्युटरवर आधीचा फोटो आणि नवा फोटो एकामागून एक उघडायचे. कळस तिथेच. शिळा तिथेच. झाडं तिथेच. भेगही तिथेच. दर वेळी जीव भांड्यात पडायचा, आणि दर वेळी मिस्टर म्हणायचे, झालं ना आता समाधान.

एका रविवारी झाडं तिथे नव्हती.

पहिल्यांदा मला वाटलं, माझीच काहीतरी चूक झालीय. मी पुन्हा दोन्ही फोटो उघडले. कळस जागच्या जागी. शिळा जागच्या जागी. पण भेगेखालची ऐनाची झाडं सगळी मिळून खाली सरकली होती. फोटोत बोटाच्या पेराएवढी, म्हणजे तिथे उतारावर चांगलीच. आणि भेगेची रेघ जाड झाली होती. मी मिस्टरांना हाक मारली. ते बराच वेळ एक फोटो, दुसरा फोटो करत राहिले. मग म्हणाले, "जा तू. स्टुडिओ मी बघतो."

मी दोन्ही फोटो पारदर्शक शीटवर छापून घेतले आणि सोमवारी पहिल्या गाडीनं वाडीत गेले. तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, अनंतच्या वडिलांनी, गावकी बोलावली. ते गावकीचे अध्यक्ष. देवळासमोर सगळे जमले. मी एक शीट दुसऱ्यावर ठेवली आणि उजेडाकडे धरली. कुणीतरी म्हणालं की मागच्यासारखा कॅमेराच सरकला असेल. मी बोलायच्या आधी अनंत पुढे झाला. त्यानं माझ्या हातातून शीट घेतल्या आणि तात्यांसमोर धरल्या.

"कळस बघा. एकच दिसतोय ना? शिळा बघा. एकच. आता ऐन बघा. प्रत्येक ऐन दोन दोन दिसतोय. कॅमेरा सरकला असता तर कळसपण दोन दिसले असते."

तात्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ बघितलं. मग शीट पुढच्या माणसाला दिल्या. त्या हातोहात फिरल्या. कुणी हसलं नाही. कुणी म्हणालं, लावणी अर्धी राहिलीय. कुणी म्हणालं, गुरांचं काय. तात्या सगळ्यांचं ऐकत होते. शेवटी म्हणाले, "लावणी पुढच्या वर्षीपण होईल. माणसं आणि गुरं घेऊन शाळेत चला."

आई निघायला तयार नव्हती. तिचं म्हणणं, ज्या घरात नवरा गेला ते घर असं उघडं टाकून जायचं नाही. मी विनवण्या केल्या, रागावले, रडले. शेवटी तात्याच आले. त्यांनी गोठ्यात जाऊन म्हशीचं दावं सोडलं आणि तिला पुढे घालून चालायला लागले. आई म्हशीच्या मागे चालत गेली.

शाळा ओहोळाच्या अलीकडे, दांडाच्या बाजूला, खालच्या रस्त्यालगत. वर्गांमधे संसार मांडले गेले. पहिला दिवस सामान लावण्यात गेला. दुसऱ्या दिवशी बायका विचारायला लागल्या, अजून किती दिवस. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, डोंगर धुऊन पुसून ठेवल्यासारखा हिरवागार दिसायला लागला, आणि पुरुष माझ्याकडे बघून आपापसात बोलायला लागले. लावणीसाठी उपटून ठेवलेली रोपं उन्हानं पिवळी पडत होती. मला कुणी टाकून बोललं नाही, पण मी पाण्याच्या रांगेत उभी राहिले की बोलणं थांबायचं. डोंगर येऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. आणि तो आला नाही तर या लोकांना तोंड कसं दाखवायचं, हेही वाटत होतं. ही दोन्ही एकाच वेळी मनात धरून बसणं फार कठीण होतं.

बुधवारी रात्रभर पुन्हा पाऊस झाला. गुरुवारी सकाळी तात्या मला म्हणाले, "वासंती, एक फोटो आणखी काढ. आहे तसंच असेल, तर लोकांना वर जाऊ दे. मी फार दिवस धरून ठेवू शकत नाही."

अनंतनं ट्रायपॉड उचलला, मी कॅमेरा पोटाशी धरला, आणि आम्ही दांडावर गेलो. पाय खळग्यांत बसवले, पिशवीत दगड भरले. समोर धुक्याची भिंत. आम्ही वाट बघत बसलो. अनंत रोपांबद्दल काहीतरी बोलत होता. मी हूं हूं करत होते.

धुकं हलायला लागलं. मी डोळा कॅमेऱ्याला लावला. कळस दिसला. शिळा दिसली. मग मधला उतार हळूहळू उघडा झाला, आणि भेगेची रेघ आता रेघ राहिली नव्हती. तिथे तपकिरी पायरी झाली होती. त्याच्याखाली, वाडीकडे चढत जाणाऱ्या पायवाटेवर, मला एक छत्री दिसली. जुनी, काळी, एक काडी मोडलेली. ती छत्री मी ओळखली.

"अनंत, आई वर चाललीय."

त्यानं कॅमेऱ्यातून बघितलं. नंतर कळलं, की कोंबड्या मोकळ्या सोडून आल्याची तिला रुखरुख लागली होती आणि कुणाला न सांगता ती निघाली होती.

मी कातळाच्या कडेपर्यंत धावले. अनंतनं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि हाळी दिली. आमच्याकडे गुरांमागे गेलेली माणसं एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर देतात तशी, लांबलचक, शेवटाला वर चढणारी. छत्री चालत राहिली. त्यानं पुन्हा हाळी दिली. या वेळी मीही ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही. छत्री थांबली. वळली. आई आमच्या बाजूला बघत होती. अनंत दोन्ही हातांनी खाली, खाली अशी खूण करत होता. ती काही क्षण तशीच उभी राहिली. मग, आम्ही काय म्हणतोय ते नीट ऐकू यावं म्हणून असेल, ती ओहोळाच्या दिशेनं खाली उतरायला लागली.

तेवढ्यात ऐनाची झाडं चालायला लागली.

उभीच्या उभी, एकमेकांना न धडकता, सगळी बरोबर. आवाज अजून नव्हता. मग सगळा उतार गोधडी ओढावी तसा खाली ओढला गेला आणि मग आवाज आला. तो कानानं नाही, पायाखालच्या कातळातून आला. कौलं दिसेनाशी झाली. आमचं घर, तात्यांचं घर, गोठे, सगळं तपकिरी झालं. खालून मातीचा आणि मोडलेल्या झाडांचा वास वर आला, धुरळा आणि धुकं एकमेकांत मिसळलं, आणि पायवाट दिसेनाशी झाली.

कॅमेरा तिथेच टाकून मी धावत सुटले. अनंत मागून ओरडत होता की सावकाश, ताई, पडशील. मी पडलेच. उठले, पुन्हा धावले. ओहोळाचं पाणी लाल झालेलं दिसलं. पलीकडे कुणी नव्हतं. काठाशी उभी राहून मी आई, आई अशा हाका मारल्या. उत्तर आलं नाही. अनंतनं माझा दंड धरला आणि मला शाळेच्या वाटेला लावलं. "शाळेत बघू," तो म्हणत होता. "ती उतरत होती. मी बघितलंय. ती उतरत होती."

शाळा दिसण्याआधी तात्यांचा आवाज ऐकू आला. ते पटांगणात उभे राहून एकेका घराचं नाव घेत होते, आणि त्या घराची माणसं उत्तर देत होती.

"गंगारामाचं घर?"

"आहोत सगळे."

"वरच्या आळीतल्या विठाबाईचं?"

"मी हाय. सून हाय. पोरं हायत."

प्रत्येक नावानंतर तात्या जरा थांबायचे. कुठे कुणी हुंदका द्यायचं. मी चिखलातून पाय ओढत चालले होते. तात्यांनी स्वतःच्या घराचं नाव घेतलं. काकूनं सांगितलं, अनंत फोटोला गेलाय, बाकी आहोत. मग तात्यांनी माझ्या आईचं नाव घेतलं, "भागीरथीवहिनीचं घर?"

कुणी उत्तर दिलं नाही.

तात्यांनी पुन्हा विचारलं. "भागीरथीवहिनी?"

मी तिथेच खाली बसले. अनंत मला उठवायचा प्रयत्न करत होता. मग काकूचा आवाज आला, "अगो, बोल की. इथेच तर उभी आहेस."

मी मान वर करून झुडपाच्या फटीतून बघितलं. आई पटांगणाच्या कुंपणाशी उभी होती. ओहोळ ओलांडून आलेली, कंबरेपर्यंत चिखलानं भरलेली, लुगडं फाटलेलं, हातात छत्री नाही. ती तात्यांकडे बघतच नव्हती. ती दांडावरून उतरणाऱ्या वाटेकडे बघत होती. त्या वाटेवर, वळणाच्या झुडपाआड मी बसले होते, त्यामुळे मी तिला दिसत नव्हते.

मी कशीबशी उठून पुढे आले.

तिनं मला बघितलं. आधी माझ्या तोंडाकडे, मग हातांकडे, पायांकडे, सगळी शाबूत आहे ना ते तपासल्यासारखं. मग तिनं कुंपणाच्या बांबूवर डोकं टेकलं. तात्यांनी तिला घाई केली नाही. सगळी वाडी थांबली होती.

मी जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तिनं डोकं उचललं, पदरानं तोंड पुसलं, आणि तात्यांकडे वळून म्हणाली, "आता मोजा आमचं घर, भावोजी. आम्ही दोघी आहोत."